बेंगळुरूची थंड हवा आणि घरची बाग : चामराजपेटेतील अंगणे आक्रसताना ऋतूंची सजावट कुठवर टिकणार?

बेंगळुरू, 12 जानेवारी : संक्रांत दोन दिवसांवर आली की बेंगळुरूच्या के. आर. मार्केटबाहेरचे रस्ते उसाच्या मोळ्यांनी अडतात. शेवंतीचे ढीग, अबोलीचे गजरे, बोरांच्या पाट्या आणि साखरेच्या साच्यांतून काढलेली पांढरीशुभ्र चित्रे यांतून वाट काढत चामराजपेटेतील गृहिणी घरी परततात. पहाटेचे तापमान या दिवसांत 15-16 अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेले असते. दारापुढची रांगोळी, उंबरठ्यावरची फुले आणि कुंड्यांतील डायन्थस, पेटुनिया या साऱ्यांना ही हवा मानवते.

एकेकाळी यातील निम्मा माल घरच्या अंगणातच मिळत असे. आता बहुतेक सर्वच विकत आणावे लागते. ‘उद्याननगरी’ म्हणून देशभर ओळखल्या जाणाऱ्या शहराच्या जुन्या वस्त्यांमध्ये झालेला हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परंतु हवा, पाणी, घरबांधणी आणि सणवार या चारही गोष्टींचे धागे त्यात गुंतलेले आहेत.

चामराजपेटेची आखणी 1892 मध्ये झाली. म्हैसूरचे तत्कालीन महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांचे नाव या वस्तीला देण्यात आले. जुन्या बेंगळुरूतील चिक्कपेट, दोड्डपेट या गजबजलेल्या पेठांना पर्याय म्हणून सरळ रेषेतील मुख्य रस्ते आणि त्यांना छेदणारे आडरस्ते अशी ही नियोजित वसाहत किल्ल्याच्या नैर्ऋत्येला उभी राहिली. 1898 च्या प्लेगनंतर वसलेल्या बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वस्त्या तिच्या धाकट्या बहिणी म्हणता येतील. पेठेतील घर भिंतीला भिंत लावून उभे असे. नव्या वस्तीतील घराला मात्र पुढे थोडी मोकळी जागा, मागे परस आणि मधोमध लाल रंगाच्या गिलाव्याची गुळगुळीत जमीन मिळाली. 1896 च्या सुमारास हेसरघट्टा तलावातून नळाचे पाणी शहरात येऊ लागले आणि घरच्या बागेला दुसरा आधार मिळाला. त्या जलयोजनेलाही चामराजेंद्रांचेच नाव होते.

मराठी वाचकाला या परिसराची ओळख आणखी एका कारणाने आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू जिंकल्यानंतर हे शहर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले आणि पुढे सुमारे अर्धशतक त्यावर मराठ्यांचा ताबा राहिला. जुन्या पेठांमध्ये आणि त्यांना लागून असलेल्या वस्त्यांमध्ये मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. त्यांच्या मराठीत कानडी हेल आणि कानडी शब्द सहज मिसळलेले असतात. ही मिसळण फुलांच्या नावांत विशेष दिसते. शेवंतीला येथे ‘सेवंतिगे’ म्हणतात, काकडा हा ‘काकडा’च राहतो, दवणा ‘दवन’ होतो. गोव्यात आणि कोकणात जिवापाड जपली जाणारी अबोली येथे ‘कनकांबर’ या भारदस्त नावाने ओळखली जाते, तर सोनचाफा ‘संपिगे’ होतो. परसबागेला कानडीत ‘कैतोट’ म्हणतात. शब्दशः अर्थ हाताची बाग, म्हणजे आपल्या हाताने लावायची आणि हाताच्या अंतरावर असायची.

न गोठणारी थंडी

बेंगळुरूची हवा थंड आहे, असे मुंबई किंवा नागपूरहून आलेला पाहुणा लगेच म्हणतो. बागकाम करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या थंडीचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे. पुणे साधारण 560 मीटरवर. या उंचीमुळे उन्हाळ्याची धार कमी होते. येथील आजवरचे नीचांकी तापमान 13 जानेवारी 1884 रोजी नोंदले गेले, ते 7.8 अंश सेल्सिअस होते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांच्या नोंदींत पारा गोठणबिंदूच्या जवळपासही गेलेला नाही. दवाचे हिम होत नाही, पाने जळत नाहीत.

याचा परिणाम दुहेरी असतो. ट्युलिप किंवा डॅफोडिल यांसारख्या कंदांना फुलण्यापूर्वी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. ती बेंगळुरूत मिळत नाही, त्यामुळे ती फुले येथे शीतगृहात ठेवलेल्या कंदांवाचून जमत नाहीत. दुसरीकडे, उत्तर भारतात ज्या लू वाऱ्यांनी मार्चअखेर हिवाळी फुले करपतात, ते वारेही येथे नाहीत. या मधल्या पट्ट्यामुळे गुलाब आणि नारळ, कार्नेशन आणि मोगरा एकाच अंगणात नांदू शकतात. महाराष्ट्रात गुलाबाची मोठी छाटणी साधारण ऑक्टोबरात करतात व हिवाळ्यातील बहर घेतात. बेंगळुरूत गुलाब पूर्ण विश्रांती घेतच नाही. हलकी छाटणी करत राहिल्यास वर्षभर कळ्या येत राहतात. फक्त पावसाळ्यातील दमट हवेत पानांवर काळे ठिपके पडतात आणि तेवढ्यासाठी झाडे मोकळ्या हवेत ठेवावी लागतात.

पावसाचे गणितही वेगळे आहे. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात नैर्ऋत्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात परतला की पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात. बेंगळुरूला मे महिन्यातील वळवाच्या सरी, मग नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काही हिस्सा असे पाणी तुकड्यातुकड्यांनी मिळते. वर्षाची सरासरी सुमारे 970 मिलिमीटर असून सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वांत ओले महिने असतात. म्हणूनच येथील बागेला वर्षात दोन हंगाम मिळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पेरलेली पेटुनिया, फ्लॉक्स, साल्व्हिया, डायन्थस डिसेंबर-जानेवारीत फुलतात, तर उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेली झिनिया, कॉसमॉस, कोंबडा आणि तेरडा श्रावणाच्या आसपास रंगात येतात. लालबागेतील दोन पुष्पप्रदर्शने, एक प्रजासत्ताक दिनाच्या आणि दुसरे स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, याच दोन हंगामांवर बेतलेली आहेत. राष्ट्रीय दिवसांशी फुलांचा हा मेळ जमून आला, हे शहराचे भाग्यच.

बडोद्याहून आलेला माळी

चामराजपेटेपासून दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या लालबागेशिवाय या घरबागांची कथा पूर्ण होत नाही. हैदर अलीने 1760 च्या सुमारास या बागेचा पाया घातला आणि टिपू सुलतानाने ती वाढविली. 1856 मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. लंडनच्या क्यू उद्यानातून प्रशिक्षित होऊन आलेल्या अधीक्षकांनी जगभरातून बिया व रोपे मागवून येथे रुजवली. 1874 पासून पुढे तीन दशकांहून अधिक काळ येथे असलेले जॉन कॅमेरून यांचे नाव चौचौ या वेलभाजीशी जोडले जाते. कानडीत तिला ‘सीमे बदनेकाई’, म्हणजे परदेशी वांगे, म्हणतात; शेजारच्या तमिळनाडूत ती चक्क बेंगळुरूचे वांगे म्हणून ओळखली जाते. मूळची मध्य अमेरिकेतील ही भाजी शतकभरात इतकी घरची झाली की परसातील मांडवावर चढलेला तिचा वेल ही जुन्या बेंगळुरूची खूण ठरली.

1908 मध्ये लालबागेची सूत्रे गुस्टाव्ह हर्मान क्रुम्बिगल यांच्याकडे आली. जर्मनीतील ड्रेस्डेनजवळ 1865 मध्ये जन्मलेले, क्यू येथे काम केलेले क्रुम्बिगल 1893 मध्ये भारतात आले ते सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानात. तेथे राजवाड्यांच्या आणि सार्वजनिक उद्यानांच्या रचनेवर काम केल्यानंतर म्हैसूर संस्थानाने त्यांना बोलावून घेतले. मराठी राजाच्या पदरी उमेदवारी केलेल्या या माणसाने बेंगळुरूचे रस्ते रंगविले, असे म्हणायला हरकत नाही. एक झाड कोमेजू लागले की दुसरे फुलावे, अशी क्रमाने बहरणाऱ्या वृक्षांची लागवड ही त्यांची कल्पना. नोव्हेंबरपासून गुलाबी टॅबेबुया, फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळा टॅबेबुया, मग नीलमोहर, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर, सोनमोहर आणि बहावा, पावसाळ्याअखेर बुचाची पांढरी, सुगंधी फुले अशी ही साखळी आजही शहरात पाहायला मिळते. यातील कितीतरी झाडे दक्षिण अमेरिका किंवा मादागास्करची. पण त्यांच्याविना बेंगळुरूची कल्पना आज कोणी करत नाही.

रस्त्यावरचे हे वेळापत्रक घरातही उतरले. 1912 पासून म्हैसूर उद्यान संस्थेच्या प्रदर्शनांमुळे सामान्य कुटुंबांनाही रोपे, बिया आणि कुंडीतील बागेची गोडी लागली. ओसरीवर नेचे, पुढच्या दारी गुलाब, क्रोटन आणि जास्वंद. मागील दारी नारळ, शेवगा, कढीपत्ता, केळ, लिंबू, प्राजक्त आणि जमल्यास सोनचाफा अशी मांडणी ठरून गेली. पुढची बाग पाहुण्यांसाठी आणि मागची स्वयंपाकघर व देवघरासाठी होती. आता अंगण कमी होताना पहिला घाला मागच्या बागेवर पडतो, ही बाब म्हणूनच लक्षात घेण्याजोगी आहे.

दाराला ऋतू कळतो

या वस्तीतील सजावट म्हणजे वर्षातून एकदा रंग काढून पडदे बदलणे नव्हे. ती पंचांगाने चालते आणि पंचांग बागेच्या हाताने चालते. संक्रांतीला कानडी घरांत तीळ, गूळ, शेंगदाणे, सुके खोबरे आणि डाळे एकत्र करून ‘एळ्ळु-बेल्ल’ वाटतात. सोबत उसाचे कांडे, केळी आणि साखरेची चित्रे देतात. मराठी घरात तिळगूळ, सुगड आणि हळदीकुंकू असते. लहान मुलांच्या डोक्यावर बोरे ओतण्याची रीत मात्र दोन्हीकडे आहे आणि गोड बोलण्याचा आग्रहही दोन्ही भाषांत सारखाच.

चैत्रात युगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी येतात. कडुनिंबाला नेमका तेव्हाच मोहर असतो. एका घरी तो गुळासह वाटीत येतो, शेजारच्या घरी गुढीला डहाळी म्हणून बांधला जातो. आंब्याच्या पानांचे तोरण दोन्ही दारांवर असते. रामनवमीला पन्हे आणि कोशिंबीर वाटली जाते, आणि चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्री रामसेवा मंडळीचा संगीतोत्सव महिनाभर रंगतो. उन्हाळ्याच्या त्या संध्याकाळी मोगऱ्याला उठाव असतो.

श्रावणातील वरमहालक्ष्मी व्रताच्या आदल्या दिवशी बेंगळुरूच्या बाजारात फुलांचे दर कडाडतात; कमळ आणि केवड्याची चढाओढ लागते. त्यानंतरची गौर मराठी माणसाला थोडी गोंधळात टाकते. कर्नाटकात स्वर्णगौरी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, म्हणजे मराठी घरांत हरितालिका असते त्या तृतीयेला येते. मराठी गौरी मात्र गणपतीनंतर, ज्येष्ठा नक्षत्राचा मुहूर्त साधून. त्यामुळे मिश्र शेजारात गौरीचे स्वागत दोनदा होते. मराठी घरांना त्यासाठी तेरडा हवा असतो. कानडीत त्याला ‘कर्णकुंडल’ म्हणतात आणि घरच्या कुंडीत तो सहज येतो. जूनअखेर बी टाकले की भाद्रपदात फुले हाताशी येतात.

दसऱ्याला जुन्या म्हैसूर प्रांतातील घरोघरी बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात. मध्यभागी राजा-राणीची लाकडी जोडी असते. पायऱ्यांच्या पुढ्यात छोटी बाग करण्याची पद्धत मोठी गोड आहे. परातीत किंवा ताटलीत माती पसरून आठ-दहा दिवस आधी मोहरी, मेथी, नाचणी पेरतात; आरास मांडण्याच्या दिवशी हिरवेगार शेत तयार असते. महाराष्ट्रातील घटस्थापनेची आठवण त्यावरून होते. खंडेनवमीला वाहनांना केळीचे खुंट आणि शेवंतीच्या माळा बांधल्या जातात. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला कर्नाटकात वृंदावनात आवळ्याची फळे लागलेली फांदी खोवतात. मराठी घरात तिच्याजोडीला ऊस आणि चिंच असते. मार्गशीर्षात दव पडू लागले की पावट्याच्या शेंगांना वास धरतो आणि पहाटेच्या बाजारात त्यांचे ढीग लागतात.

वाट अडविणारे पाणी

हे चक्र पुढे चालू ठेवण्यात आता दोन मोठ्या अडचणी आहेत. पहिली जागेची. जुनी बैठी घरे पाडून त्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहतात तेव्हा बांधकाम हद्दीपर्यंत सरकते आणि उरलेल्या पट्टीत गाड्या उभ्या राहतात. वाटण्या झालेल्या कुटुंबांना नाइलाजही असतो; मध्यवर्ती भागातील जमीन परसातल्या नारळासाठी राखून ठेवणे सर्वांना परवडत नाही. काँक्रीटने झाकलेली जमीन तापते आणि पाणी मुरू देत नाही. 24 एप्रिल 2016 रोजी शहराने 39.2 अंश सेल्सिअस हे आजवरचे उच्चांकी तापमान पाहिले. थंड हवेच्या भरवशावर लावलेल्या नाजूक रोपांना अशा एप्रिलमध्ये सावलीची जाळी लागते, हे पूर्वीच्या पिढीला ठाऊक नव्हते.

दुसरी अडचण पाण्याची. बेंगळुरूचे पिण्याचे पाणी मुख्यतः सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून, कावेरीतून उपसून आणावे लागते. 2024 च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या तेव्हा बेंगळुरू पाणीपुरवठा मंडळाने मार्च महिन्यात पिण्याचे पाणी बागेला घालण्यास, वाहने धुण्यास आणि कारंज्यांसाठी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघन करणाऱ्यास 5,000 रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीच्या पाचव्या टप्प्यातून दररोज 77 कोटी 50 लाख लिटर वाढीव पाण्याची सोय झाली. तरीही बाग हा चैनीचा विषय की गरजेचा, हा प्रश्न त्या उन्हाळ्याने घराघरांत नेला. कुंडीतील तुळशीला तांब्याभर पाणी घालणे गुन्हा ठरेल काय, अशी शंकाही तेव्हा अनेकांच्या मनात आली असेल.

उत्तराचा मोठा भाग छतावरच आहे. 1,000 चौरस फूट गच्चीवर 25 मिलिमीटरची एक सर पडली तर सुमारे 2,300 लिटर पाणी जमते. वर्षभराच्या सरासरी पावसाचा हिशेब केल्यास, गळती आणि बाष्पीभवन वजा जाता, 70 हजार लिटर तरी हाती येऊ शकते. शहरात 2009 पासून ठरावीक आकाराच्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. घरगुती बागेला त्याखेरीज भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी, शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी (क्षार सहन करणाऱ्या झाडांना आणि अधूनमधून) वापरता येते. साबणाचे पाणी थेट कुंडीत घालणे मात्र टाळावे. मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटे जाडीचा थर दिल्यास पाणी देण्याच्या वेळा निम्म्यावर येतात, आणि चामराजपेटेच्या रस्त्यांवर वाळक्या पानांची अजून टंचाई नाही.

गच्चीवर बाग हलविताना वजनाचा विचार अग्रक्रमाने करावा लागतो. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून अधिक भरते. या भागातील जुन्या घरांची छते लाकडी तुळयांवर उभ्या विटा आणि चुना यांनी बांधलेली आहेत. त्यांवर मातीचे वाफे करणे धोक्याचे आहे. तेथे नारळाच्या भुशाचे हलके मिश्रण, लहान कुंड्या आणि भिंतींच्या किंवा तुळयांच्या माथ्यावर येणारी मांडणीच योग्य. नारळाचा भुसा कुजवून त्यातील क्षार काढलेला असावा. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने असा आंबविलेला भुसा घरगुती बागांसाठी तयार केला आहे. कामिनी, पूर्णिमा, शशांक हे ॲस्टरचे वाण आणि अर्का प्रज्वल हा निशिगंधाचा वाणही याच संस्थेचे असून ते कुंडीत चांगले येतात. चार फूट रुंदीच्या सज्जात पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर शेवंती, ॲस्टर, तेरडा. अर्धवट सावली असेल तर अबोली, नेचे आणि विड्याचा वेल, अशी निवड व्यवहार्य ठरते.

प्रजासत्ताक दिनाच्या प्रदर्शनासाठी लालबागेत गर्दी उसळते तेव्हा परतताना प्रत्येकाच्या हातात एखादे फुललेले रोप असते. त्यातील बरीचशी रोपे महिनाभरात मरतात. नियंत्रित सावलीत, भरपूर खत देऊन वाढविलेले रोप एकदम सज्जातील ऊन-वारा सोसू शकत नाही. पूर्ण फुललेल्या रोपापेक्षा कळ्या असलेले, बुंध्याशी नवी पालवी धरलेले रोप निवडावे, पहिले आठ-दहा दिवस सकाळचे कोवळे ऊनच द्यावे आणि कुंडी त्यानंतर बदलावी. पेटुनिया, फ्लॉक्स यांसारखी हंगामी फुले मार्चच्या उन्हाबरोबर जाणारच; त्यांच्या जागी मोगऱ्याचे रोप ठेवल्यास रामनवमीपर्यंत पहिल्या कळ्या दिसू लागतात.